समकालीन शिल्पकार, त्यांची माध्यमे आणि विषय : सोलापूरकरांना पडणारे प्रश्न

सोलापुरात महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी आम्ही काही जण एकत्र जमतो, शिल्पांची छायाचित्रे पडद्यावर लावतो आणि त्यांवर बोलतो. येणाऱ्यांत चित्रकला शिक्षक असतात, पूर्वभागातले यंत्रमागधारक असतात, निवृत्त बँक अधिकारी असतात आणि आईवडिलांनी धाडलेली मुलेही असतात. दर वेळी त्याच त्या शंका निघतात, म्हणून त्या उत्तरांसह इथे लिहून ठेवल्या आहेत. उत्तरांत माझी मतेही मिसळलेली आहेत आणि ती लपवण्याचा प्रयत्न केलेला नाही.

शिल्प आणि पुतळा यांत फरक काय? आम्हाला तर दोन्ही एकच वाटतात.

पुतळा हा शिल्पाचा एक प्रकार आहे आणि त्याच्यावर एक मोठे बंधन असते: तो ज्याचा आहे त्याच्यासारखा दिसला पाहिजे. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांचे पुतळे सोलापुरात उभे आहेत ते त्यांची आठवण चेहऱ्यासकट राहावी म्हणून. तिथे शिल्पकाराने स्वतःची कल्पना फार पुढे आणली तर लोक ती खपवून घेणार नाहीत, आणि ते योग्यच आहे.

महाराष्ट्राला व्यक्तिशिल्पाची परंपरा मोठी आहे. गणपतराव म्हात्रे यांनी १८९६च्या सुमारास घडवलेली ‘मंदिरपथगामिनी’ असो किंवा विनायक पांडुरंग करमरकर यांचा पुण्यातला १९२८ सालचा अश्वारूढ शिवपुतळा असो, हुबेहूबपणाची कसोटी तिथून आपल्या डोळ्यांत बसली. समकालीन शिल्पकार ती कसोटी नाकारतो असे नाही. त्याचे प्रश्न बहुतेक वेळा निराळे असतात, इतकेच. या कामासाठी हीच वस्तू का घेतली, ती आधी कोणाच्या हातात होती, ती इथे येऊन पडल्यावर आपल्याला काय आठवते, हे तो विचारतो. १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधले एकमेव शिल्पकार सदानंद बाकरे यांच्या कामात हा बदल चांगला दिसतो. उत्तम व्यक्तिशिल्प करण्याची हातोटी असूनही ते त्यापासून दूर गेले.

शिल्पकार आधी विषय ठरवतो की माध्यम?

दोन्ही क्रम आढळतात. पण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतली जी कामे मनात राहतात त्यांतल्या बऱ्याच कामांत माध्यम हाच निम्मा विषय असतो. संगमरवरी स्त्रीमूर्ती पाहताना आपण संगमरवराच्या खाणीचा विचार करत नाही, किंबहुना दगड विसरला जावा हीच जुन्या शिल्पकाराची इच्छा असे. उलट शीला गौडा यांनी शेण वापरले तेव्हा ते शेणच आहे हे विसरता येऊ नये अशीच योजना होती. १९५७ साली कर्नाटकात भद्रावतीला जन्मलेल्या आणि बंगळुरूत काम करणाऱ्या या कलावतीने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकलेतून बाहेर पडून शेणाचे गोळे, गोवऱ्या असे माध्यम हाताळायला घेतले. सारवण, सरपण, पावित्र्य आणि बाईचे रोजचे काम हे सगळे त्या पदार्थात आधीच भरलेले होते. आमच्या बैठकीतल्या एका आजींनी ते चित्र पाहून एवढेच म्हटले की यात नवीन काय, आम्ही रोज हेच थापत होतो. मला तरी ही त्या कामाला मिळालेली फार मोठी दाद वाटली.

आमचे गाव चादरी आणि टॉवेलचे. धाग्याचे किंवा कापडाचे शिल्प असते का?

असते, आणि सोलापूरकराने याच दारातून आत यावे असे मला मनापासून वाटते, कारण ज्याने जेकार्डच्या मागावर उभ्या-आडव्या धाग्यांचा ताण हाताने जोखला आहे त्याला ही कामे दिल्ली-मुंबईच्या समीक्षकापेक्षा लवकर उलगडतात.

मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांचे नाव इथे पहिले घ्यावे लागेल. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी आणि शिल्पकार लीला मुखर्जी यांची ही मुलगी बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिकली आणि तिने तागासारखा जाड दोर हे माध्यम धरले. माग नाही, विणकाम नाही, फक्त गाठी. दोर रंगवायचा आणि हाताने गाठीवर गाठ मारत जायचे, म्हणजे महिन्यांमागून महिने गेल्यावर माणसाहून उंच अशी एखादी ‘यक्षी’ (१९८४) किंवा ‘पक्षी’ (१९८५) उभी राहते. जांभळा, पिवळसर, मातकट अशा रंगांच्या त्या घड्या फुलाच्या पाकळीसारख्याही दिसतात आणि देवतेच्या अंगावरच्या वस्त्रासारख्याही. दोर हा घरगुती, ‘हस्तकले’चा माल म्हणून कित्येकांनी या कामाकडे सुरुवातीला गंभीरपणे पाहिले नाही. पुढे त्या सिरॅमिककडे आणि नंतर ब्राँझकडे वळल्या. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या कलासंग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले तेव्हा त्या हयात नव्हत्या.

आमच्या बैठकीत त्यांच्या एका कामाचे छायाचित्र मोठे करून दाखवले तेव्हा मागच्या ओळीतल्या एका यंत्रमागधारकाने उठून विचारले होते की या दोराला पीळ किती आणि वरचे वजन खालच्या गाठी कशा पेलतात. कलेच्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि खरे तर तोच विचारायला हवा. दोराला स्वतःचे हाड नसते. गाठी जितक्या घट्ट आणि दाट तितका तो उभा राहतो, आणि जिथे त्या सैल सोडल्या तिथे तो लोंबतो. मुखर्जींच्या शिल्पाचा आकार असा गुरुत्वाकर्षणाशी वाटाघाटी करूनच ठरलेला असतो.

पोलंडच्या मॅग्डालेना अबाकानोविच (१९३०–२०१७) यांनी बंदरांत टाकून दिलेले जुने जहाजी दोर आणून, ते उसवून, रंगवून त्यांतून छतापासून टांगलेली प्रचंड विणकामे केली. १९६०च्या दशकातल्या या कामांना त्यांच्याच आडनावावरून ‘अबाकान’ म्हणतात. भिंतीला चिकटलेला पट खोलीच्या मध्यभागी आला आणि त्याच्या आत शिरता येऊ लागले, हा मोठा फरक होता.

शीला गौडा यांचे ‘अँड टेल हिम ऑफ माय पेन’ हे काम मात्र या सगळ्यांत मला सर्वांत जवळचे वाटते. सुईत दोरा ओवायचा, तो दुहेरी करायचा, असे कित्येक दोरे एकत्र घेऊन त्यांना डिंक आणि कुंकू चोळायचे, म्हणजे एक लांबच लांब लाल दोरखंड तयार होतो आणि त्याच्या टोकाला सुयांचा झुबका लटकत राहतो. भिंतीवरून, जमिनीवरून वळसे घेत जाणारा तो दोर लांबून रेषेसारखा सुंदर दिसतो आणि जवळ गेल्यावर आतड्यासारखा वाटू लागतो. ज्या शहरात घरोघरी बायका शिवणकाम करतात, विड्या वळतात आणि त्यांच्या बोटांची झीज कोणत्याही हिशेबात धरली जात नाही, तिथे या सुयांवर वेगळे भाष्य करण्याची गरज पडली नाही.

घाना देशात १९४४ साली जन्मलेले आणि नायजेरियात राहून काम केलेले एल अनात्सुई हे धागा न वापरता वस्त्र करतात. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची टोपणे चपटी करून, त्यांना भोके पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडली जातात आणि त्यातून भिंतभर सोनेरी-लाल चादर तयार होते, जी लांबून पाहिली तर त्यांच्याकडच्या केंटे कापडाची आठवण होते. दारू हा आफ्रिका, युरोप आणि अमेरिका यांच्यातल्या जुन्या व्यापाराचा, आणि त्यातल्या गुलामांच्या खरेदी-विक्रीचाही, एक भाग होता. तो इतिहास त्या टोपणांबरोबर आपोआप येतो. ही चादर टांगताना तिच्या चुण्या कशा पडाव्यात हे ते प्रत्येक ठिकाणच्या लोकांवर सोडतात, त्यामुळे एकच काम दोन शहरांत दोन आकारांचे दिसते.

लुईझ बुर्ज्वा यांनी कोळी का घडवला? मुलांना तो भीतिदायक वाटतो.

आईसाठी. पॅरिसमध्ये वाढलेल्या लुईझ बुर्ज्वा (१९११–२०१०) यांच्या घरी भिंतीवर लावायच्या जुन्या विणलेल्या चित्रांची (टॅपेस्ट्रींची) दुरुस्ती करण्याचा कारखाना होता आणि आई ते काम करत असे. कोळीण जाळे विणते, फाटले तर पुन्हा सांधते आणि अंडी सांभाळते, म्हणून १९९९ सालच्या त्या नऊ मीटरहून उंच पोलादी कोळिणीचे नाव ‘ममाँ’, म्हणजे आई. पोटाखालच्या जाळीदार पिशवीत संगमरवरी अंडी आहेत. मुले घाबरली तर घाबरू द्यावीत. आईची भीतीही वाटते आणि तिच्या पायांखाली सुरक्षितही वाटते, हे त्यांना मोठ्यांपेक्षा अधिक ठाऊक असते.

स्टीलची भांडी रचून ठेवली की ती कलाकृती कशी होते?

हा प्रश्न सुबोध गुप्ता यांच्यामुळे येतो, आणि तो रागाने विचारला जातो. १९६४ साली बिहारमध्ये खगौल या रेल्वेच्या गावात जन्मलेल्या गुप्ता यांनी ताटे, डबे, कळश्या, पातेली ही भांडी शेकड्यांनी एकत्र जोडून ‘व्हेरी हंग्री गॉड’ (२००६) ही अवाढव्य कवटी केली आणि ‘लाइन ऑफ कंट्रोल’ (२००८) हा अणुस्फोटाच्या ढगाचा आकारही केला. आपल्याकडे लग्नात भांड्यावर नाव घालून ते आहेरात देतात आणि ते नाव घासून घासून पुसट झाले तरी भांडे मोडीत टाकवत नाही. इतका जिव्हाळा ज्या वस्तूला आहे तिची कवटी होते तेव्हा अन्न आणि उपासमार एकाच चकाकीत दिसतात. रचनेची कल्पना पोकळ असेल तर ढीग हा ढीगच राहतो, हेही खरे, आणि गुप्तांची सगळीच कामे मला सारखी पटतात असे नाही. मात्र ‘हे तर कोणीही करेल’ हा आक्षेप टिकत नाही, कारण भांडी सगळ्यांच्याच घरात होती.

ब्राँझचा पुतळा कसा तयार होतो आणि त्याला इतका खर्च का येतो?

या प्रश्नाला सोलापुरात विशेष अर्थ आहे. मुंबईच्या शेअर बाजारासमोर २००८ साली बसवलेला ब्राँझचा बैल सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांचा आहे, आणि ते कळल्यावर आमच्या बैठकीत दर वेळी एक सुखद कुजबूज होते.

प्रक्रिया मुळात मेण वितळवून टाकण्याची आहे आणि बस्तरच्या ढोकरा कारागिरांपासून मोठ्या ओतशाळांपर्यंत तत्त्व तेच राहते. आधी लोखंडी सळ्या आणि जाळी यांच्या सांगाड्यावर मातीत पूर्ण आकाराचे काम होते. त्यावर प्लास्टरचा किंवा रबराचा साचा घेतात. साच्याच्या आतल्या बाजूला साधारण पाच-सहा मिलिमीटर जाडीचा मेणाचा थर देतात. हीच पुढे धातूची जाडी होते. मेणाच्या या पोकळ आकृतीवर शिल्पकार पुन्हा बसतो, साच्याच्या जोडांच्या रेषा काढून टाकतो, पुसट झालेली सुरकुती परत उमटवतो. मग धातू आत शिरायला आणि हवा बाहेर पडायला मेणाच्याच कांड्या जोडतात, पोकळीत गाभा भरतात, बाहेरून उष्णता सोसणारे आवरण चढवतात आणि सगळे भट्टीत घालतात. मेण वाहून जाते आणि त्याच्या जागी पोकळी राहते.

ओतण्याचा क्षण एकदा तरी पाहावा. मिश्रधातू हजार अंशांच्या पुढे तापलेला असतो, मूस उचलणाऱ्या दोघांची पावले एकाच ठेक्यात पडावी लागतात आणि बोलणे बंद असते. धार मध्येच थांबली तर आत जोड दिसतो, आणि साच्यात ओल राहिली असेल तर वाफ होऊन धातू उसळतो. बाहेरच्या कांड्यांच्या तोंडाशी धातू वर आलेला दिसला की ओतारी पहिल्यांदा श्वास सोडतो. त्यानंतर आवरण फोडणे, कांड्या कापणे, तुकडे वेल्डिंगने जोडणे आणि ते जोड छिन्नीने मिटवणे हे काम उरतेच. शेवटी ज्योत आणि रसायने वापरून पृष्ठभागावर पटिना, म्हणजे तपकिरी किंवा हिरवट झाक, आणली जाते.

खर्चाचे गणित साधे आहे. आपल्याकडे पुतळ्यांसाठी ८५ भाग तांबे आणि जस्त, कथील व शिसे प्रत्येकी ५ भाग हे मिश्रण पुष्कळ ठिकाणी वापरतात, म्हणजे भाव तांब्यावर ठरतो. सहा मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पृष्ठभागाचे वजन ५० किलोंच्या पुढे जाते. आणि उंची दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो. देणगीदारांच्या सभेत ‘अजून थोडा उंच करू’ असे कोणी म्हणाले की हे वाक्य कागदावर लिहून पुढे सरकवावे.

फायबरचा पुतळा कमी दर्जाचा मानावा का?

माध्यम म्हणून नाही. पॉलिएस्टर रेझिन आणि काचेच्या तंतूंचे हे मिश्रण हलके असते, कोणताही आकार घेते आणि त्याच्यावर कोणताही रंग बसतो. जी. रविंदर रेड्डी यांची स्त्रियांची भव्य मस्तके यातच घडलेली आहेत: सोनेरी किंवा झगझगीत रंगाची कातडी, टक्क उघडे डोळे, मागे घट्ट अंबाडा आणि फुले. आंध्र-तेलंगणच्या रस्त्यावर, आणि आपल्या तेलुगूभाषक पूर्वभागातही, सणाच्या दिवशी दिसणारा तो चेहरा आहे. भारती खेर यांची २००६ सालची झोपलेली किंवा मरणासन्न हत्तीण हीसुद्धा फायबरचीच असून तिच्या साऱ्या अंगावर पांढऱ्या टिकल्यांची जणू दुसरी कातडी चढवलेली आहे. या टिकल्यांचा आकार शुक्रजंतूसारखा असतो, हे समजल्यावर सवाष्णपणाची ती खूण एकदम निराळी दिसू लागते.

दर्जा खालावतो तो फायबरवर तपकिरी रंग मारून ते ब्राँझ म्हणून उभे केले जाते तेव्हा. सोलापूरच्या उन्हात तो रंग उडतो आणि काही वर्षांत तंतू वर येतात. रेझिनचा वास घेत बंद खोलीत काम करणाऱ्या तरुणांची प्रकृती हा आणखी एक विषय आहे, ज्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोलले जाते. मुखपट्टी आणि खेळती हवा या चैनीच्या गोष्टी नाहीत.

दगडात आता कोणी काम करत नाही का?

करतात. मात्र आपला काळा बेसाल्ट कठीण आहे, काम सावकाश होते आणि चूक झाली तर दुरुस्ती नाही. दगडाचा धीर काय असतो हे पाहायचे असेल तर दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग कुडलला जाऊन शेकडो मुखे कोरलेले ते शिवलिंग पाहावे. तिथला शके ९४० चा मराठी शिलालेख पाहायला लोक जातात आणि लिंगाकडे घाईत बघून परततात, याचे मला दर वेळी वाईट वाटते.

माती आणि प्लास्टर ही फक्त कच्च्या कामाची माध्यमे आहेत का?

बहुतेक पुतळ्यांत ती मधल्या पायरीची माध्यमे असतात, म्हणून हा समज झाला. गुजरातमध्ये लोथलच्या परिसरात वाढलेले हिम्मत शाह (१९३३–२०२५) यांनी भाजलेल्या मातीला अखेरचे माध्यम मानले. त्यांनी घडवलेली मस्तके उत्खननात सापडल्यासारखी, नाकडोळे अर्धवट पुसलेली असतात. सिमेंटलाही असाच मान रामकिंकर बैज यांनी मिळवून दिला. शांतिनिकेतनातले १९३८ सालचे ‘संथाल कुटुंब’ सिमेंट आणि तिथल्या जांभ्या खडीचे आहे, कारण ब्राँझला पैसे नव्हते आणि ती लाल खडी पायाखाली होती. अलिबागजवळ सासवणे येथे करमरकरांच्या घरी सिमेंटमधली म्हैस आजही पाहायला मिळते.

मातीचा स्वभाव मी एका एप्रिलमध्ये शिकलो. वर्गमित्राच्या वडिलांचा अर्धपुतळा मातीत पूर्ण झाला होता आणि लग्नासाठी दोन दिवस बाहेरगावी जाताना मी ओले फडके गुंडाळून, वर प्लास्टिक न घालताच निघून गेलो. परत आलो तेव्हा फडके पापडासारखे वाजत होते, गालातून भेग गेली होती आणि डावा कान पाटावर पडला होता. माती वाळताना आकसते आणि आतला लोखंडी सांगाडा आकसत नाही. पुस्तकात हे वाक्य मी अनेकदा वाचलेले होते.

आजच्या शिल्पकारांचे विषय कोणते? सगळे इतके उदास का असते?

सगळे उदास नसते, के. एस. राधाकृष्णन यांच्या ‘मुसुई’ आणि ‘मैया’ या ब्राँझमधल्या सडपातळ आकृती सतत उड्या मारत, उलट्या उभ्या राहत, वाऱ्यावर तरंगत असतात. पण श्रम, स्थलांतर आणि उजाड झालेली जमीन हे विषय वारंवार येतात हे मान्य करावे लागेल, आणि ज्या शहराने गिरण्यांचे भोंगे बंद होताना पाहिले त्याला यात परके काही वाटू नये.

प्रभाकर पाचपुते यांचा जन्म १९८६ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती या कोळसा खाणीच्या गावात झाला. घरातल्या तीन पिढ्या खाणीशी बांधलेल्या. खैरागढ आणि बडोद्याला शिल्पकला शिकून त्यांनी कोळशानेच भिंतींवर चित्रे काढली आणि मातीच्या आकृती घडवल्या. डोक्याच्या जागी दिवा, अवजार किंवा खाणीचा खड्डा असलेली त्यांची माणसे एकदा पाहिली की विसरत नाहीत. नागपूरचे वलय शेंडे यांनी धातूच्या छोट्या चकत्या एकमेकींना जोडून पूर्ण आकाराचा ट्रक केला आणि त्यात दाटीने उभी असलेली मजूर माणसे केली. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या गाड्या येऊ लागतात तेव्हा मला तो ट्रक आठवतो. चकत्यांच्या फटींतून आरपार दिसते, म्हणजे माणसे तिथे आहेतही आणि नाहीतही.

इंग्लंडमध्ये गेट्सहेडला अँटनी गॉर्मली यांचा ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ (१९९८) बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या जागेवर उभा आहे. उंची २० मीटर आणि पंखांचा पसारा ५४ मीटर. तो अशा पोलादाचा आहे की ज्यावर गंजाचा पहिला थर बसला की तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. सुरुवातीला स्थानिकांनी त्याला विरोध केला होता, हेही सांगितले पाहिजे.

‘पोकळी’ हे शिल्प कसे असू शकते? काही नसण्याचे शिल्प आम्हाला पटत नाही.

साच्याची ओळख असणाऱ्यांना ते लवकर पटते, कारण साचा म्हणजे पोकळीच. रेचल व्हाइटरीड यांनी १९९३ साली लंडनमध्ये पाडायला निघालेल्या एका घराच्या आत काँक्रीट भरले आणि बाहेरच्या भिंती काढून टाकल्या. उरला तो घरातल्या हवेचा घन ठोकळा, ज्यावर खिडक्या, चुली आणि जिने उलटे उमटले होते. १९९४च्या जानेवारीत तोही पाडला गेला. कोलंबियाच्या डोरिस साल्सेडो यांनी २००७ साली लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या जमिनीतच १६७ मीटर लांबीची भेग पाडली. वंशभेदाने माणसांत पडलेली फट हा त्याचा विषय. प्रदर्शन संपल्यावर ती बुजवली गेली, तरी व्रण दिसतो.

मुंबईत १९५४ साली जन्मलेले अनिश कपूर आयुष्यभर याच पोकळीभोवती फिरत आले आहेत. आरंभीची त्यांची कामे कच्च्या रंगाच्या भुकटीचे शंकू आणि ढीग अशी होती, आणि आपल्या बाजारातल्या हळद-कुंकवाच्या राशी पाहिलेल्या माणसाला त्यांचे मूळ शोधावे लागत नाही. शिकागोतले ‘क्लाउड गेट’ १६८ स्टेनलेस स्टील पत्र्यांचे आहे; जोड इतके घासले आहेत की ते सापडत नाहीत आणि शिल्पाऐवजी आकाश व आपणच दिसतो.

शिल्पकार स्वतः हाताने काम करत नसेल तर श्रेय कोणाचे?

मंदिरे बांधली गेली तेव्हाही सूत्रधार एक आणि पाथरवट अनेक होते. अडचण श्रेयाच्या नोंदीत आहे. चिनी कलावंत आय वेवे यांच्या २०१० सालच्या ‘सनफ्लॉवर सीड्स’साठी चीनमधल्या जिंगदेझेन या चिनी मातीच्या गावात सुमारे १,६०० कारागिरांनी सूर्यफुलाच्या कोट्यवधी बिया हाताने रंगवल्या, कामाची ही विभागणी कामाच्याच आशयाचा भाग म्हणून उघडपणे मांडली गेली. मीरा मुखर्जी (१९२३–१९९८) बस्तरला जाऊन ओतारी कारागिरांकडे विद्यार्थी म्हणून राहिल्या आणि ते तंत्र मोठ्या आकारात नेले. नवज्योत अल्ताफ १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कोंडागावच्या आदिवासी कलाकारांबरोबर काम करत आल्या असून, पाणी भरायच्या जागा, म्हणजे ‘नल पार’, त्यांनी मिळून शिल्पासारख्या बांधल्या: घागर टेकवायची उंची, डोक्यावर उचलायचा कोन यांचा विचार करून. माझ्या मते हे उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे.

चौकात पुतळा बसवायचा असेल तर मंडळाने काय करावे?

मंडळाने आधी जागा आणि परवानगी पाहावी, शिल्पकार नंतर. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१३च्या आदेशानंतर सार्वजनिक रस्ता आणि पदपथावर नव्या पुतळ्याला परवानगी देता येत नाही. महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांकडून मंजुरी लागते आणि मातीचा नमुना कला संचालनालयाकडून मान्य करून घ्यावा लागतो. नमुना मान्य झाल्यावर ‘छाती थोडी रुंद करा’ असे सांगायला जाऊ नये.

२६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा कोसळल्यापासून मजबुतीबद्दल सगळेच विचारतात. ब्राँझचे कवच स्वतः गंजत नाही, पण उंच पुतळ्याचा भार आतल्या पोलादी सांगाड्यावर असतो. तांब्याचा मिश्रधातू आणि साधे लोखंड एकमेकांना चिकटून ओलसर राहिले तर लोखंड झपाट्याने गंजते, म्हणून आत पाणी साचू न देण्याची सोय, दोन धातूंमध्ये आडपडदा आणि वाऱ्याच्या दाबाचे अभियंत्याने केलेले गणित या तीन गोष्टी करारात लिहून घ्याव्यात.

सोलापूरहून जाऊन पाहता येईल असे काय आहे?

मुंबईची एक फेरी पुरते. फोर्टमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि जहांगीर कलादालन चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, शेअर बाजारासमोरचा बैल तिथून लांब नाही आणि वांद्रे-कुर्ला संकुलात सुदर्शन शेट्टी यांची ‘फ्लाइंग बस’, म्हणजे पंख लावलेली दुमजली बस, उभी आहे. त्याच शेट्टींनी २०१६च्या कोची-मुझिरिस बिनालेची, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाची, मांडणी केली होती. ही बिनाले २०१२ पासून भरते आणि एकत्र इतकी शिल्पे पाहण्याची संधी दुसरीकडे सहसा मिळत नाही. घराजवळचे म्हणाल तर जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत निघणारे नंदीध्वज शिल्पाच्या नजरेने पाहून यावे. खांद्यावर, कमरेच्या पट्ट्यात तोल सांभाळत नेलेला तो उंच काठीचा भार पाहिला की अबाकानोविच आणि मुखर्जी यांच्या कामांतला ताण वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

प्रदर्शनात मुले शिल्पाला हात लावतात. लावू द्यावा का?

पाटी असेल तर नाही. घामातले क्षार आणि तेल ब्राँझच्या झाकेवर डाग पाडतात, धागा मळतो आणि रंगाची भुकटी तर बोटाबरोबरच निघून येते. उघड्यावरच्या कामांचे नियम वेगळे असतात. शिकागोचे ‘क्लाउड गेट’ लोकांनी हात लावावा म्हणूनच तिथे आहे आणि त्याचा खालचा भाग दिवसातून दोनदा पुसला जातो. मुलांच्या हातांची सोय म्हणून आम्ही बैठकीत एक ट्रे ठेवतो. त्यात ब्राँझचा ओतीव तुकडा, बेसाल्टची खपली, भाजलेली माती, फायबरचा कापलेला काठ, मेणाची कांडी आणि जुन्या चादरीची किनार असते. मुले आधी ब्राँझ उचलतात आणि त्याच्या वजनाने दचकतात. मोठी माणसे मात्र किनार हातात घेतात, ती उलटी करून बघतात आणि हा माल कोणत्या कारखान्याचा हे आपसांत ठरवू लागतात.